गुरवसरांचं अर्धं गाऱ्हाणं

आमच्या नारंगखोलच्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायला मोरेश्वर शिवराम गुरव नावाचे सर आहेत. गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हातारी माणसं मोऱ्या म्हणतात, आणि आम्ही तोंडावर सर आणि पाठीमागे ‘ॲज फॉर एक्झांपल’ म्हणतो, कारण त्यांचं दर दुसरं वाक्य तिथूनच निघतं. त्यांची नक्कल सोपी आहे. खडू कानामागे खोचायचा, डोळे अर्धे मिटायचे, मान जरा डावीकडे टाकायची आणि नाकातून म्हणायचं, “ॲज फॉर एक्झांपल, बाळा, तू ऊठ.” वर्गात हे सगळ्यांनाच यायचं, अभ्यासात सगळ्यात मागं असलेल्या बाळालासुद्धा. पण ही झाली त्यांच्या एका आवाजाची नक्कल. सरांना आवाज दोन आहेत आणि दुसऱ्याची नक्कल आता कुणी करत नाही. का करत नाही, तेच सांगायचं आहे.

दुसरा आवाज त्यांच्या घराण्याचा. सरांचे वडील शिवा गुरव, म्हणजे अप्पा, वाघजाईचे पुजारी. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीनं देवीकडे मागणं. गुरव एकेक मागणं खणखणीत सुरात म्हणतो, शेवटी ‘रे म्हाराजा’ लावतो, आणि मागं उभं असलेलं गाव एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं. देवी बाईमाणूस असली तरी गाऱ्हाण्यात म्हाराजाच. अप्पांचं गाऱ्हाणं लांबलचक. गावाच्या शिवेपासून सुरू व्हायचं, मग भात, मग गुरं, मग वाघरू, मग विहिरीचं पाणी, तापसराई, करणी-मूठ, असं करत करत डोंगर उतरून, सावर्ड्याला हायवे गाठून शेवटी मुंबईला पोचायचं. मुंबईचा भाग शेवटी, पण बायका त्याचीच वाट बघत उभ्या असायच्या. आमच्या गावात ज्या घरातला एकही माणूस मुंबईला नाही, असं घर शोधूनच काढावं लागेल.

अप्पांना हे सगळं त्यांच्या बापाकडून कानानं मिळालेलं. कुठं लिहिलेलं नाही. एका ओळीला दुसरी बांधलेली, सुतळीसारखी. मध्येच विचारलं, “अप्पा, गुरांच्या नंतर काय येतं?” तर त्यांना सांगता यायचं नाही. पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथपर्यंत यायला लागायचं.

सर हे त्यांचे एकुलते एक. रत्नागिरीला कॉलेजात जाऊन इंग्रजी घेऊन बीए झाले, बीएड झाले आणि गावातल्याच शाळेत लागले. देऊळ बापाकडे, शाळा मुलाकडे. माणूस गरीब, आणि एक खोड अशी, की काहीही बिनसलं तरी अपराधी यांनाच वाटायचं. सकाळची एसटी चुकून मुलं उशिरा आली तर सरच कसनुसं हसायचे. चाचणीचे पेपर वाटताना कमी मार्कांचा पेपर ते उलटा करून द्यायचे आणि मान खाली घालायचे. नापास आम्ही, मान त्यांची. बाळा म्हणायचा, “एवढं वाईट तर माझ्या आवशीलापण वाटत नाय.”

आम्ही दहावीत होतो तेव्हाची गोष्ट. ब्याऐंशी साल. संक्रांत झाली आणि मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. संपाचं काय होणार ते कुणालाच कळत नव्हतं. काही माणसं गावी परत आली, पण बरीचशी तिकडेच खोल्या धरून बसली होती, आज उघडेल उद्या उघडेल म्हणून. गावात पोस्टमन दिसला की बाया दारात यायच्या.

आणि शाळेत आम्ही ‘चेंज द व्हॉइस’वर अडून बसलो होतो. पेपरात ते यायचंच. सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, ‘गंगा ईट्स अ मँगो.’ मग नाकातून समजावलं, “ॲज फॉर एक्झांपल, इथं खाणारी कोण? गंगा. ती पुढं बसलीय. हा ॲक्टिव्ह. आता ज्याला खाल्लं त्याला पुढं घ्यायचं. आंबा पुढं. गोष्ट तीच, फक्त सांगताना तोंड आंब्याकडं करायचं. हा पॅसिव्ह. कळलं?” आम्ही माना हलवल्या. वह्या तपासल्या तर अख्ख्या वर्गात आंब्यानं गंगेला खाल्लं होतं. ‘अ मँगो ईट्स गंगा.’ पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. जनी तेवढी हुशार, तिनं ‘बाय’ घातला होता, पण तो आंब्याच्या आधी.

सरांनी त्या वह्यांकडे असं बघितलं, की जणू गंगेला त्यांनीच आंब्याच्या तोंडी दिलं. दुपारची वेळ, बाहेर ऊन, निम्मा वर्ग पेंगत होता. देवळाकडून ढोल ऐकू येत होता, कारण शिमग्याचे दिवस जवळ आलेले आणि पोरं हात साफ करून घेत होती. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. मग त्या ढोलामुळं असेल किंवा कंटाळ्यानं असेल, त्यांच्या तोंडून तो दुसरा आवाज निघाला. नाकातला नव्हे, बेंबीतला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या फळ्यावर गंगा पुढं बसली हाय आणि आंबा मागं पडला हाय रे म्हाराजा.”

मागच्या बाकावरून झोपेतच उत्तर आलं, “व्हय म्हाराजा.”

सर वळले. आम्हाला वाटलं आता खडू येणार. पण त्यांचे डोळे वेगळेच झाले होते.

“जो मागं पडला हाय, त्याला पुढं आण रे म्हाराजा.”

आता अख्खा वर्ग. “व्हय म्हाराजा.”

“गंगेला मागं ने, पण रिकाम्या हातानं नेऊ नको, तिच्या हातात ‘बाय’ दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“क्रियापदाला त्याचं तिसरं रूप दे, ‘ईट’ला ‘ईटन’ कर, आणि त्याला एकटं सोडू नको, ज्या काळातलं असेल त्या काळातलं इज-आर, वॉज-वेअर सोबतीला दे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“मागं जाताना ‘ही’चा ‘हिम’ होऊ दे, ‘शी’ची ‘हर’ होऊ दे, ‘दे’चे ‘देम’ होऊ देत रे म्हाराजा. आणि ज्या बिचाऱ्या वाक्यात ऑब्जेक्टच नाय, नुसतं झोपणं नि जाणं-येणं हाय, त्याच्या वाटेला कुणी जाऊ नको रे म्हाराजा.”

शेवटचं “व्हय म्हाराजा” शेजारच्या नववीनंही म्हटलं, भिंतीपलीकडून, कशाला ते न कळता.

त्या दिवशी वह्यांत आंबा खाल्ला गेला, गंगेकडून, बिनचूक. बाळाचंसुद्धा बरोबर आलं. सरांनी त्याची वही दोनदा बघितली.

मग काय, रोज गाऱ्हाणं. दहावीच्या दोन्ही तुकड्या, नववी, आठवी. नदीवर पोरी कपडे धुताना ‘हातात बाय दे रे म्हाराजा’ म्हणायच्या. गुरांमागं पोरं वाक्यं उलटी करायची. हेडसर घाटावरचे, त्यांना दर शब्द मोजून टाकायची सवय. ते वर्गाच्या दाराशी येऊन म्हणाले, “गुरव, ही, शाळा आहे, का, देऊळ?” सर ओशाळले. पण सराव परीक्षेचे मार्क आले तेव्हा हेडसर पुन्हा दाराशी आले आणि म्हणाले, “आर्टिकलचं, काही, गाऱ्हाणं, आहे का?”

अप्पांच्या कानावर गेलं होतंच. त्यांना माघापासून दमा लागला होता, बोलणं कमीच झालं होतं. सरांनी एकदा आपणहून विषय काढला, “अप्पा, पोरांना कळावं म्हणून करतो. राग नाही ना?” अप्पा म्हणाले, “मागनारा मागतोय, देनारी देतेय. माजं काय त्यात.”

होळी लागली. दुसऱ्या दिवशी देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावून पालखी सहाणेवर आली. सहाण म्हणजे देवळासमोरचा चौथरा, तिथून पालखी काही दिवस घरोघर फिरायला निघते. निघण्याआधी गाऱ्हाणं. सारं गाव जमलं होतं. पुढं मानकरी, बाबल्या गावकर फेटा बांधून. एका बाजूला बाया. मागं आम्ही, शाळेची सगळी पोरं, मुंबईहून आलेल्यांनी आणलेल्या शिट्ट्या वाजवत. अप्पा पालखीसमोर उभे, आणि त्यांच्या उजव्या हाताला सर, नारळाचं ताट घेऊन.

अप्पांनी सुरू केलं. शीव झाली, भात झालं, गुरं झाली. आवाज बसका होता, पण ओळीला ओळ येत होती. “कुनी वाकडी नजर केली असंल, कुनी मूठ मारली असंल, ती जिथली तिथं परत धाड रे म्हाराजा.” व्हय म्हाराजा. “जो कोन मागं पडला असंल, त्याला पुढं आन रे म्हाराजा.” व्हय म्हाराजा. आणि इथं अप्पांना खोकला आला. जोराचा. ते वाकले, एक हात पालखीच्या दांड्यावर ठेवला.

गाव थांबलं. ढोल थांबला. गाऱ्हाण्यात खंड पडू देत नाहीत. बापाला दम खायला तेवढा वेळ मिळावा, म्हणून सरांनी ओळ उचलली. त्यांना पुढची ओळ येत होती. लहानपणापासून ऐकलेली. पण गेला महिनाभर त्या ओळीपुढं रोज जे आलं होतं, तेच आलं. खणखणीत, सहाणेच्या टोकापर्यंत जाईल असं.

“गंगेला मागं ने, तिच्या हातात ‘बाय’ दे रे म्हाराजा.”

आणि गाव काय शब्द ऐकतं होय? गाव सूर ऐकतं. मानकऱ्यांसकट, बायांसकट, साऱ्या गावानं छाती भरून म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

गंगाकाकी नेमकी पहिल्या रांगेत. ती म्हणाली, “माज्या काय वायटावर हायस रं मोऱ्या?” तिथून हसू फुटलं. आधी पोरं, मग पोरी, मग मुंबईवाले. बाबल्या गावकराचा फेटा हसताना सुटला.

अप्पा सरळ झाले. त्यांनी आधी सरांकडे बघितलं, मग पालखीकडे. तोंड उघडलं. काही आलं नाही. ओठ हलले, पुन्हा मिटले. सुतळी तुटली होती. पहिल्यापासून म्हणत आले असते तर सापडली असती, पण तेवढा दम नव्हता, आणि एकदा सांगितलेलं देवीला पुन्हा पहिल्यापासून सांगत नाहीत. अप्पा तिथंच चौथऱ्यावर बसले. हसणं एकदम थांबलं.

बाबल्या गावकर पालखीला हात लावत म्हणाले, “उचला. मुहूर्त जातोय.”

पालखी उठली. आणि बायांच्या बाजूनं कुणीतरी, अगदी साध्या आवाजात म्हणालं, “मुंबय राह्यली.”

त्या तीन शब्दांइतकं सरांना कुणी कधी मारलं नसेल. हो, दोनच शब्द होते, पण सर पुढं ते सांगायचे तेव्हा म्हणायचे, “‘मुंबई राहिली रे,’ असं म्हणाली ती.” तो ‘रे’ त्यांनी स्वतःच आपल्या नावावर लावून घेतला होता.

घरी काय झालं ते आम्हाला सरांच्या शेजारच्या बकुळेनं सांगितलं. सर अप्पांच्या पायाशी बसून होते. अप्पा म्हणाले, “तू मदतीला आलास. मला दिसला. पन गाऱ्हान्यावरनं माजा बोट सुटला तो सुटला. आता मी घालायचो नाय.” रागावले असते तर बरं झालं असतं, असं सर बकुळेच्या आईला म्हणाले.

शाळेत सर आले ते पुन्हा नाकातल्या आवाजात. पोरं म्हणाली, “सर, म्हणा ना.” सर म्हणाले, “ते बंद.” आणि फळ्यावर सरळ रेघा मारून तक्ता काढला, ॲक्टिव्ह इकडं, पॅसिव्ह तिकडं. परीक्षा तोंडावर, म्हणून प्रश्न विचारणं भाग होतं. जनीनं विचारलं, “सर, पुस्तकात काही वाक्यांत ‘बाय’ नाहीच. ‘द डोअर वॉज लेफ्ट ओपन.’ तिथं करणारा कुठं गेला?”

सर म्हणाले, “ॲज फॉर एक्झांपल, करणारा कोण ते कुणालाच ठाऊक नसेल, तर ‘बाय’ लागत नाही.” थोडं थांबून म्हणाले, “किंवा सगळ्यांनाच ठाऊक असेल, तर.” आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. बाळानं कुजबुजूनसुद्धा विनोद केला नाही, आणि बाळाला तो सुचला नसेल असं होणार नाही.

मधल्या सुट्टीत हौसा आली. हौसाचा नवरा रामा लालबागला, गिरणीत. ती शाळेच्या पायरीशी डोक्यावरचा भारा न उतरवताच उभी राहिली.

“मास्तर, जरा भायर येता काय?”

सर आले.

“माज्या मानसाची गिरन बंद हाय, तुमाला म्हाईत हाय.”

“माहीत आहे, हौसावहिनी.”

“आनि देवीला तुमी काय सांगितलात? गंगेला मागं ने. गंगा माज्या बाजूला उबी, धडधाकट, तिला काय होतंय? तिला मागं नेऊन देवीनं करायचा काय?”

“चुकलं.”

“विंग्रजीत सांगा, मराटीत सांगा, माजी हरकत नाय. देवीला सगला कलतंय. पन माज्या मानसाचा पुरा सांगा. बाकीच्यांचा नायतर ऱ्हाऊ दे.” मग भारा सावरून म्हणाली, “नाय, तसा नको. सगल्यांचा सांगा.”

संध्याकाळी देवळात कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, आणि प्रश्न विचारतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अप्पांनी पाकळ्या लावल्या, ते काम अजून त्यांच्याकडं होतं. बाबल्या गावकरांनी विचारायला सुरुवात केली, “आई, उरलेला गाऱ्हाना, पालखी देवळात परत यायच्या आत, मोऱ्यानं...” एवढ्यात उजवी पडली. गावकर म्हणाले, “अजून मी विचारलापन नाय.” अप्पा म्हणाले, “तिला तेवडाच पुरे.”

उरलेलं गाऱ्हाणं सरांना येत होतं, पण भीती अशी, की तोंड उघडलं की पुन्हा आंबा बाहेर येईल. पालखी घरोघर फिरत होती, तोवर सर तिच्या मागं मागं फिरले. पालखी पुढच्या घरी गेली की हे मागच्या घरात शिरायचे आणि विचारायचे, “तुमचं मुंबईला कोण? कुठं? काय करतो?” अप्पांच्या गाऱ्हाण्यात नावं नसायची, ‘जी लेकरं मुंबयला हायत ती’ एवढंच. पण सरांच्या मनानं घेतलं होतं, की आपण साऱ्यांची मुंबई पाडली, तर आता एकेकाला उचलून ठेवायचं. लोक म्हणायचे, “मास्तर, शिरगणती गेल्या सालाला झाली, आता कसली?” काहीच लिहून घेत नव्हते. चालता चालता पुटपुटत पाठ करायचे, आम्ही स्पेलिंग पाठ करतो तसे.

शेवटचं घर चिमाकाकीचं. वरच्या वाडीत, एकटीच. सर अंगणात उभे राहिले तेव्हा ती वाल सोलत होती. बकुळा पालखीसोबत तिथं होती, तिनं ऐकलं ते असं.

“काकी, तुमचं मुंबईला...”

“माजा कोन नाय.”

“सोनू आहे ना.”

“सोनू कोन? ज्याला गनपतीला घर आटवत नाय, शिमग्याला आय आटवत नाय, तो? त्याचा नाव घेतलास तर मी तिथून उटून जायन. सांगून ठेवतेय.”

हा सोनू त्यांचाच विद्यार्थी, आमच्याआधी तीन वर्षं. दहावीला बसला, बाकी साऱ्या विषयांत निघाला, इंग्रजीत गेला. पुन्हा बसला, पुन्हा इंग्रजीत. मग एक दिवस सावर्ड्याहून मुंबईच्या गाडीत चढला आणि तिकडं काय करतो ते कुणाला कळलं नाही. तेव्हा सर नुसतं नाकातून शिकवत होते.

“बरं,” सर म्हणाले आणि खाली उतरले. बकुळा म्हणते, पायरीवर त्यांचा पाय दोनदा चुकला.

पालखी परत आली. पुन्हा सहाण, पुन्हा गाव. फरक एवढाच, की आयांनी पोरांना घरूनच दम दिलेला. हसलास तर बघ. आम्ही दातांवर दात रोवून उभे. सर पालखीसमोर, हातात नारळ. अप्पा मागं, दीपमाळेला टेकून बसलेले. चिमाकाकी बायांच्या शेवटी, फणसाखाली बसलेली.

सरांनी जिथं तुटलं होतं तिथूनच धरलं. “जो कोण मागं पडला असेल, त्याला पुढं आण रे म्हाराजा.” व्हय म्हाराजा. आणि थांबले. एवढे थांबले, की बाळानं माझा दंड घट्ट धरला. सर्वांना ठाऊक होतं पुढं काय येऊ शकतं. मग दुसरा आवाज आला.

“आई वाघजाई, हौसाचा रामा मुंबयला हाय, गिरण बंद हाय, त्याच्या हाताला काम दे रे म्हाराजा.”

गाऱ्हाण्यात असं नाव कुणी कधी ऐकलं नव्हतं. मग हौसा एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा,” आणि तिच्या मागून गाव. तिथून रीतच पडली. ज्या घराचं नाव त्या घरानं आधी उचलायचं, मग सगळ्यांनी. “गंगेचे दोघं गोदीत हायत...” गंगाकाकीनं असं म्हटलं, की तिच्या मनात काही उरलं नाही. “बाबल्या गावकराचा जावई...” गावकर रडायला लागले, त्यांना वाटलं कुणी बघत नाही. घरामागून घर. सर हजेरी घेतात तसंच, फक्त सूर देवळातला. म्हातारे एकमेकांना म्हणाले, दुपार होणार.

आणि वरच्या वाडीतलं शेवटून दुसरं घर झालं. शेवटचं राहिलं. सरांनी नारळ वर उचलला, म्हणजे आता संपवायचं. उचललेला हात खाली आला. त्यांनी फणसाकडे बघितलं नाही. पालखीकडेच बघून म्हणाले, आणि या वेळी सूर पुरा लागलाही नाही,

“चिमाकाकीचा सोनू. कुठं हाय ते ठावं नाय. जिथं असंल तिथं त्याला सांभाळ रे म्हाराजा.”

चिमाकाकी उठली. सांगितलं होतं तसंच केलं. पदर खोचला आणि कुणाकडे न बघता वरच्या वाडीची वाट धरली. तिच्या वहाणांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. घर निघून गेलं, मग आधी उचलणार कोण? गाव एकमेकांकडे बघत राहिलं. सर नारळ घेऊन उभे. त्यांची मान खाली गेलेली, पेपर उलटा करून देताना जायची तशी. मला वाटलं आता हेही अर्धंच राहतंय.

तेवढ्यात मागून, दीपमाळेकडून, फाटक्या आवाजात आलं, “व्हय म्हाराजा.”

अप्पा. मागणं हे त्यांचं काम, उत्तर देणं गावाचं. सबंध जन्मात हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. त्यांच्या मागून आम्ही सगळे ओरडलो, आया बघत असताना, भीती न वाटता. सरांनी शेवटची ओळ कशीबशी म्हटली आणि नारळ फोडला. पालखी देवळात गेली.

सहाण रिकामी झाली तेव्हा सर अप्पांना उठवायला गेले. आम्ही ताटं उचलत होतो, म्हणून ऐकलं.

अप्पा म्हणाले, “तिला न इचारता घेतलास नाव?”

“विचारलं होतं. नको म्हणाली.”

“मग?”

“तो माझ्या विषयात गेला, अप्पा. दोन्ही वेळा.”

अप्पांनी हात पुढं केला. “उटव मला,” एवढंच म्हणाले.

आम्ही परीक्षा दिली. सावर्ड्याच्या सेंटरवर ‘चेंज द व्हॉइस’चा प्रश्न आला तेव्हा आमच्या ओळीतले सगळे ओठ हलत होते आणि सुपरवायझर पाठीमागून तीनदा फिरून गेले. बाळासुद्धा सुटला. सरांनी मात्र ते गाऱ्हाणं वर्गात पुन्हा घातलं नाही. पेढे द्यायला गेलो तेव्हाही त्यांनी पहिल्यांदा नापास झालेल्यांची नावं विचारली.

त्याआधीची, शिमगा संपल्यावर थोड्याच दिवसांतली एक गोष्ट. सर एसटीसाठी फाट्यावर उभे होते, आम्ही पलीकडे दगडी कुंपणाच्या गडग्यावर बसलेलो. चिमाकाकी टोपली घेऊन खाली उतरली आणि सरांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

मग म्हणाली, “मी उटून गेले, ता दिसला काय तुला?”

“दिसलं, काकी. माझं चुकलं.”

“तुजा सगला चुकतोच. ता नाय इचारत मी. मी वाटंवर होते तवा मागनं आवाज आला. कोन बोलला?”

“अप्पा.”

“शिवा?” ती टोपलीवरचं फडकं नीट करत राहिली. एसटी वळणावर दिसायला लागली होती. “त्या म्हाताऱ्याला आदीच दम पुरत नाय,” ती म्हणाली. “त्याला सांग, फुडल्या सालाला माजा मी बोलेन.”